बरे झालेले एक

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, त्या दिवसातला सातवा फॉर्म वाचता वाचता ती एका वाक्यापाशी अडली. वाक्य अगदी साधं होतं. ‘अंगात ताप असताना आमच्या भावाने दवाखान्याचा गळका नळ दुरुस्त केला, मग बाईंनी त्याला तपासलं.’ तिनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. वाक्य तसंच होतं. खोलीत सहा टेबलं होती आणि सहा निवृत्त डॉक्टर आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसले होते. कोणीतरी चहाचं काहीतरी विचारलं, ती ‘हो’ म्हणाली, आणि आपण कशाला हो म्हणालो ते तिला कळलं नाही. तिच्या डाव्या पोटरीत गोळा आला होता. पाय लांब करून ती तशीच बसून राहिली, आणि पोटरी सैल पडेपर्यंत तिनं पुढची ओळ वाचली नाही.

हे काम तिनं निवृत्तीनंतर घेतलं होतं, घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून. देशात मलेरियानं खरोखर किती माणसं मरतात, ते शोधण्याचं काम. सरकारी आकडा दरवर्षी जाहीर व्हायचा, दोनशेच्या आसपास, आणि तो कोणालाच पटत नव्हता, कारण त्यात फक्त हॉस्पिटलात, तपासणीचा कागद हातात असताना मेलेली माणसं होती. बाकीची घरी मेलेली. म्हणून या संस्थेनं देशभरातली काही गावं आणि वस्त्या निवडल्या होत्या. तिथं मुलं-मुली घरोघर जायची, गेल्या चार वर्षांत कोण गेलं ते विचारायची, आणि घरचं माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आणायची. फॉर्मवर नाव नाही, गाव नाही. एक क्रमांक, वय, बाई की पुरुष, आणि सांगणारा मेलेल्याचा कोण. प्रत्येक फॉर्म दोन डॉक्टर वेगवेगळे वाचत, एकाला दुसरा कोण ते माहीत नसे, आणि शेवटी एका चौकोनात मृत्यूचं कारण लिहायचं. या सगळ्याचा प्रमुख चाळिशीचा एक संख्याशास्त्रज्ञ होता. तो प्रत्येक वाक्यात ‘सरासरी’ म्हणायचा, म्हणून डॉक्टरांनी त्याचं नावच सरासरी ठेवलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं होतं, “एकेका फॉर्ममागे सरासरी अकराशे माणसं उभी आहेत, असं समजून वाचा.” तेव्हा हाडांचे डॉक्टर हळूच म्हणाले होते, “मग खुर्च्या कमी पडतील.” सगळे हसले होते. तीही हसली होती.

पोटरी सैल पडल्यावर तिनं फॉर्म सुरुवातीपासून पुन्हा वाचला. पुरुष, वय सव्वीस, सांगणारी मोठी बहीण. पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचं काम करत होता. सहा दिवस ताप, डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या, पोटात दुखायचं. दुपारी थंडी भरायची. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला, तिथल्या बाईंनी बोटातून रक्त घेतलं, रिपोर्ट आल्यावर बघू म्हणाल्या, इंजेक्शन दिलं, तापाच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी डोळे पिवळे. सहाव्या दिवशी काहीबाही बडबडत होता, संध्याकाळच्या आत गेला. मग लिहिणाऱ्यानं बहिणीचं बोलणं अवतरणात घातलं होतं: ‘बाईंचा काही दोष नाही. बाई चांगल्या होत्या. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चूक माझी आहे. तो नको म्हणत होता, मीच त्याला म्हटलं, ताप काय, येतो नि जातो, पंपाचं काम अर्धं टाकू नकोस. दोन दिवस तो पाण्यात उभा होता.’

नळ तिला आठवत होता. दवाखान्याच्या ओसरीवरचा हात धुण्याचा नळ, वर्षभर गळत होता, त्यासाठी तिनं वरच्या ऑफिसला तीन पत्रं लिहिली होती. त्या दुपारी बाकावर सतरा-अठरा माणसं बसली होती आणि थेंबांचा आवाज एकाएकी थांबला म्हणून तिनं मान वर केली. तो पाना घेऊन नळापाशी उकिडवा बसला होता, कपाळ घामानं चमकत होतं. ती म्हणाली, “अरे, ताप आहे ना तुला?” तो म्हणाला, “बसून कंटाळलो, बाई.” वायसर गेला होता, त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला होता. मग त्याचा नंबर आला. त्याचा हात हातात घेतला तेव्हा तो गरम होता आणि ग्रीसनं काळा झालेला, बोट टोचण्याआधी कापसानं दोनदा पुसावं लागलं. तिला त्याचा चेहरा आठवत नव्हता. कालपासून आजपर्यंत भेटलेल्या रिक्षावाल्याचा, दूधवाल्याचा चेहरा आठवत होता, आणि याचा नाही, फक्त बोट. आणि डोक्यावरून हात फिरवल्याचं तर मुळीच आठवत नव्हतं. फिरवला असेल. तिला ती सवय होती. रांग मोठी असली की माणसाला लवकर उठवायचा तो एक उपाय होता, हे तिनं स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

ते तिच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. दवाखान्याच्या भिंतीवर फलक होता, मलेरियानं एकही मृत्यू नाही, सलग चौथं वर्ष. झटपट चाचणीच्या पट्ट्या संपल्या होत्या. रक्त तपासणाऱ्याची जागा रिकामी होती, म्हणून रक्ताचा थेंब काचेवर घेऊन काचा आठवड्यातून एकदा मोठ्या हॉस्पिटलला पाठवायच्या, रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस. रिपोर्ट नसताना मलेरियाच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, असं परिपत्रक होतं. पण परिपत्रकाला फाटे असतात, डॉक्टरला संशय आला तर देता येत होत्या. तिला संशय आला होता. दुपारची थंडी त्यानंही सांगितली होती. गोळ्या तिच्या मागच्या लोखंडी कपाटात होत्या, दुसऱ्या फळीवर. मात्र दर महिन्याला हिशेब जायचा, गोळ्या किती संपल्या आणि रुग्ण किती सापडले, आणि गोळ्या जास्त भरल्या की वरिष्ठांचा फोन यायचा: बाई, तुमच्याकडे साथ आहे की काय? साथ असेल तर पथक पाठवतो, चौकशी लावतो. मागच्याच महिन्यात तसा फोन आला होता. निवृत्तीला पाच महिने उरले होते. तिनं साधं इंजेक्शन दिलं. एवढंच. काही ठरवून केलं असंही नाही. हात कपाटाकडे गेला नाही, इतकंच झालं.

रक्त घेतल्यापासून नवव्या दिवशी रिपोर्ट आला, मलेरिया, त्यातला घातक प्रकार. तोवर त्याला जाऊन सहा दिवस झाले होते, हे तिला नर्सकडून कळलं. तिनं वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ शांतपणे म्हणाले, “बाई, तो दवाखान्यात गेला का? घरी गेला ना? मग तो तुमच्याकडे गेलेला नाही.” महिन्याच्या तक्त्यात तीन रकाने होते: सापडलेले रुग्ण, बरे झालेले, मृत्यू. रिपोर्ट मोठ्या हॉस्पिटलच्या वहीत चढला होता, म्हणून रुग्ण एक दाखवणं भाग होतं. आणि बेरीज जुळायला हवी होती. तिनं लिहिलं, रुग्ण एक, बरे झालेले एक, मृत्यू शून्य. खाली सही केली, शिक्का मारला. शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला.

आता तो स्क्रीनवर परत आला होता, क्रमांक होऊन. नियम स्पष्ट होता: फॉर्म ओळखीचा वाटला तर न वाचता परत करायचा. तिनं परत करण्याच्या बटणावर बाण नेला आणि तिथंच ठेवला. परत केला तर दुसरं कोणी वाचेल, पिवळे डोळे आणि पोटदुखी बघून कावीळ लिहील, टायफॉइड लिहील. जे लिहिलंय तेवढ्यावरून तिनंही कदाचित तेच लिहिलं असतं. या इमारतीत, कदाचित सबंध देशात, तो कशानं मेला हे माहीत असलेली ती एकटी होती. तिनं चौकोनात मलेरिया लिहिलं आणि फॉर्म पुढे ढकलला. अकराशे माणसं इकडून तिकडे सरकली. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं आणखी चार फॉर्म वाचले, एक बुडालेला, एक म्हातारपण, दोन हृदयविकार, आणि प्रत्येकात ती दवाखाना शोधत होती.

घरी नवरा गॅलरीत इस्त्री करत होता. विम्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यानं इस्त्री आपल्याकडे घेतली होती आणि त्यात त्याचं चित्त लागायचं. तिनं दारात उभं राहून त्याला सगळं सांगितलं, रकान्यापर्यंत. एवढ्या वर्षांत हे तिनं सांगितलं नव्हतं. तो इस्त्री उभी ठेवून ऐकत राहिला.

“तुझ्या एकटीची चूक नव्हती ती,” तो म्हणाला.

“मला माहीत आहे.”

“पट्ट्या नव्हत्या. माणूस नव्हता. वरून दट्ट्या होता. तू तरी काय करणार होतीस?”

“अहो, कपाट उघडता आलं असतं.”

त्यानं इस्त्री पुन्हा हातात घेतली. थोड्या वेळानं त्यानं तिचाच कुडता फळीवर पसरला आणि कॉलर दाबायला लागला, आणि ती त्याच्या मानेकडे बघत राहिली. त्याचं म्हणणं खरंच होतं, प्रत्येक शब्द खरा होता, म्हणूनच तिला ते नकोसं झालं. इतकी वर्षं ती हेच म्हणत आली होती, याच क्रमानं, पट्ट्या, माणूस, दट्ट्या. आणि तिकडे एक बाई तीन वर्षं म्हणत होती, चूक माझी आहे. चूक शेवटी कोणाच्या तरी अंगावर राहतेच, ती हवेत विरत नाही. तिनं नुसती खाली वाहू दिली होती, आणि ती सगळ्यात खालच्या घरात जाऊन साचली होती.

पुढच्या आठवड्यात फॉर्म परत आला. दुसऱ्या डॉक्टरनं टायफॉइड लिहिला होता. असं झालं की दोघांना एकमेकांची कारणं दाखवत आणि पुन्हा विचार करायला सांगत. दुसऱ्या डॉक्टरचं कारण नीटनेटकं होतं, पोटदुखी, सहा दिवस चढता ताप, शेवटी बडबड. खोट काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. मलेरिया का, ते लिहायची तिची जागा कोरी होती. तिनं दुपारच्या थंडीबद्दल दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. मग लिहिलं: ‘या रुग्णाचा रक्ताचा रिपोर्ट मी स्वतः पाहिला आहे. मलेरिया होता. तपासणारी डॉक्टर मी होते. सरकारी तक्त्यात मी त्याला बरा झालेला दाखवलं.”’ आणि पाठवून दिलं.

तासाभरात सरासरीनं तिला बोलावलं. त्याच्या खोलीत भिंतभर देशाचा नकाशा होता, टाचण्या टोचलेला. त्यानं दार लावलं, तिला बसायला सांगितलं, आणि स्वतः उभाच राहिला.

“मॅडम, हे कारण मला घेता येत नाही.”

“का?”

“कारण बाकीच्या हजारो फॉर्मना असं कोणी मिळणार नाही. सगळे एकाच मापानं मोजले तरच सरासरीला अर्थ आहे. हा फॉर्म मी तिसऱ्या डॉक्टरकडे देतोय. तुमच्या ओळी काढून.”

“आणि त्यांनी दुसरं काही लिहिलं तर?”

“तर तो आकडा चुकेल. असे दोन्ही बाजूंनी चुकतात, शेवटी बरंचसं जुळून येतं.” मग त्याचा आवाज उतरला. “तो आकडा कमी आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. कसा कमी होतो ते मी कधी बघितलं नव्हतं. माणसाला असं बरं करून टाकतात, होय?”

“हो. बेरीज जुळावी म्हणून.”

त्यानं टेबलावरची एक टाचणी उचलली, परत ठेवली. “तुम्ही आता त्या घरी जाल. जाऊ नका म्हणून मला सांगावं लागतं. फॉर्म गोपनीय असतात.”

“मी त्याला फॉर्ममुळे ओळखत नाही. ते गाव मला आधीपासून माहीत आहे.”

“मग मला सांगू नका,” तो म्हणाला, आणि दार उघडून धरलं.

तिसऱ्या डॉक्टरनं लिहिलं, ताप, कारण अज्ञात. ते तिला सरासरीनं जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, सांगायला नको होतं तरी. ती ‘बरं’ म्हणाली. सरकारच्या लेखी तो बरा झाला होता, संस्थेच्या लेखी कशानं गेला ते कळत नव्हतं, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते. वरची पायरी चढताना तिला एकदम थकवा आला, वयाचा नसावा असा. शुक्रवारी तिनं रजा टाकली.

बसला सव्वातीन तास लागले. नोकरीत असताना हा रस्ता ती जीपमधून जायची आणि झोपून जायची. आता खिडकीतून खडीचे ढीग, रस्त्याकडेला साचलेलं पाणी, पंपांचे पाइप दिसत होते. काय सांगायचं ते ती मनात मांडत होती, आणि दर वेळी वाक्य पट्ट्यांपासून सुरू होत होतं. ती ते मोडायची. पुन्हा मांडायची. उतरल्यावर एका दुकानात विचारलं, तर पंपवाल्याचं घर म्हणून लगेच दाखवलं. तो गेल्याला तीन वर्षं झाली होती तरी घर पंपवाल्याचंच होतं.

बहीण ओट्यावर बसून मशीनवर पिशव्या शिवत होती. पस्तिशीची असेल, हातावर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. तिनं डॉक्टरबाईंना क्षणभरात ओळखलं, मशीन थांबवलं, आणि उठून बसायला स्टूल दिलं. “बाई, तुम्ही? या बाजूला कशा?” असं म्हणताना ती हसली, आणि ते हसणं बघून डॉक्टरबाई बसमध्ये मांडलेलं सगळं विसरली. ती बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, “तुमच्या भावाबद्दल सांगायला आले. त्याला मलेरिया झाला होता. रिपोर्ट तो गेल्यावर आला. पण संशय मला आधीच होता.”

बहिणीचं हसणं लगेच गेलं नाही, थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं. “मलेरियाला औषध असतं ना?” तिनं विचारलं.

“असतं.”

“तुमच्याकडे नव्हतं?”

“होतं. कपाटात होतं.”

“कुलूप होतं?”

“चावी माझ्याकडे होती.”

बहिणीनं मशीनचं चाक हातानं थोडं मागे फिरवलं, सुई वर आली. शेजारच्या घरात भांडी आपटल्याचा आवाज झाला. “मग दिलं का नाही?”

इथं पट्ट्या होत्या, माणूस होता, दट्ट्या होता, सगळे दारात येऊन उभे होते. ती म्हणाली, “गोळ्या जास्त खर्च झाल्या की मला प्रश्न विचारायचे. मला प्रश्न नको होते. आणि नंतर मी कागदावर लिहिलं की तो बरा झाला.”

“कोण बरा झाला?”

“तुमचा भाऊ.”

बहीण तिच्याकडे बघत राहिली. रडेल, अंगावर येईल, निघा म्हणेल, या सगळ्याची तयारी तिनं ठेवली होती. बहिणीनं यातलं काहीच केलं नाही. ती पिशवीवरचा एकेक दोरा बोटांनी खुडत होती. “पाण्यात उभं राहिल्यानं झालं नाही मग,” ती शेवटी म्हणाली.

“नाही. डासामुळे होतो तो. कामावर गेला नसता तरी झाला असता. आणि गेल्यामुळे मेला नाही, गोळ्या मिळाल्या असत्या तर वाचला असता बहुतेक.”

“तुम्हाला हे तीन वर्षं माहीत होतं.”

“हो.”

“तीन वर्षं, बाई,” बहीण म्हणाली, आवाज न चढवता, “माझी आई माझ्याशी बोललेली नाही. एका घरात राहतो. मी वाढते, ती जेवते. भाकरी हवी तर ताटली पुढे सरकवते, तोंडानं मागत नाही. तू माझ्या पोराला पाण्यात उभं केलंस, हे शेवटचं बोलली होती.” ती उठली, मांडीवरचे दोरे झटकले. “आत चला. हे सगळं आईला सांगा.”

तिनं तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं की मी तुम्हाला सांगायला आले होते, तुम्ही सांगा आईंना, तुमच्या पद्धतीनं. बसची वेळ तिच्या डोक्यात होती. सांगून झालं की मोकळं होऊ, असं काहीतरी ती सकाळपासून धरून बसली होती, हे तिला आत्ता कळलं, आणि कळल्यावर तिची मान गरम झाली.

“मी सांगितलं तर तिला वाटेल, मी माझ्यावरचं काढून टाकतेय,” बहीण म्हणाली. “तुम्हीच सांगा. आणि मोठ्यानं सांगा, तिला फार कमी ऐकू येतं.”

तिनं चपला काढल्या. आतली खोली बाहेरच्या उजेडातून गेल्यावर अंधारी वाटली, मग हळूहळू कोपऱ्यातली खाट दिसली, खाटेवर भिंतीला टेकून बसलेली म्हातारी, मांडीवर शेंगांचं सूप. ती सोलत होती आणि आलेल्या माणसाकडे बघतही होती. बहीण दारातच थांबली, चौकटीला हात लावून. डॉक्टरबाई खाटेजवळ जाऊन वाकली आणि म्हणाली, “मी दवाखान्यातली डॉक्टर.” म्हातारीनं हात कानामागे नेला. तिनं तेच पुन्हा म्हटलं. म्हातारीनं मान हलवली, नाही, आणि ऐकण्यासाठी सोलणं थांबवलं. शेजारची भांडी थांबली होती. बाहेर दोन बायका बोलत चालल्या होत्या, त्याही थबकल्या असाव्यात, कारण गल्लीत एकाएकी काहीच आवाज राहिला नव्हता. दार उघडं होतं. बंद करावं का, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं मागे वळून पाहिलं, तर बहीण चौकटीतून हलली नव्हती.

ती सरळ उभी राहिली. आयुष्यात कधी बोलली नव्हती इतक्या मोठ्यानं, शब्द सुटा सुटा करत, ती म्हणाली, “तुमच्या मुलीची चूक नव्हती. चूक माझी होती.”

म्हातारीनं कानामागचा हात काढला नाही. तिनं तो तसाच धरला आणि खाटेवर थोडी पुढे सरकली, पुढचं ऐकायला.